जशी जमीन, तसे चाक
(रावेर तालुक्यातील एक फेरी)

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की तापीचा पूल ओलांडल्यावर दुसखेडा, सावदा, निंभोरा ही स्टेशने मागे पडतात आणि रावेर येते. डाव्या हाताला सातपुड्याची निळसर रांग, उजव्या हाताला दूरवर तापीचा काठ आणि दोहोंच्या मध्ये नजर पोहोचेल तिथवर केळीच्या बागा. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांच्या संस्थेच्या नावावर. २०२१ साली तिथली केळी दुबईला गेली. अशा या मुलखातून पहिल्यांदा जाणाऱ्या प्रवाशाला सगळीकडे एकच हिरवा रंग दिसतो आणि जमीनही एकच असावी, असे त्याला वाटते.

पण या तालुक्यात पायी फिरलेल्या माणसाला विचारा. डोंगरातल्या पालपासून तापीच्या काठापर्यंत सरळ अंतर धरले तर पंचवीसेक किलोमीटर. तेवढ्यात पायाखालची भुई चार वेळा बदलते. वर मुरूम आणि दगड, पायथ्याला गोटे आणि वाळू, मधल्या पट्ट्यात खोल काळी कसदार, आणि खाली नदीकाठी गाळ व चिखल. पीक एकच असले तरी जमीन चार तऱ्हेची आहे. म्हणून त्या जमिनीवर फिरणारे चाकही चार तऱ्हेचे हवे.

आमच्या खात्यातल्या माणसाला गावोगाव खताबद्दल आणि रोगाबद्दल विचारतात, त्याच्याखालोखाल हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, ट्रॅक्टरला टायर कोणते टाकू?" शेजाऱ्याने कोणते टाकले, दुकानदार कोणते चांगले म्हणतो, हे विचारणाऱ्याला ठाऊक असते. आपली जमीन कोणती आणि काम कोणते, याचा विचार मात्र राहून गेलेला असतो. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, आज आपण डोंगरापासून नदीपर्यंत एक फेरी मारू आणि चाकाच्या नजरेने हा तालुका पाहू.

डोंगरात : दगड आणि उतार

रावेरहून कुसुंब्यामार्गे पालकडे निघाले की रस्ता चढू लागतो. साग, अंजन, पळस दिसू लागतात. पाल हे सातपुड्यातले थंड हवेचे गाव. जवळच यावल अभयारण्य आहे आणि गावात कृषी विज्ञान केंद्रही आहे. आजूबाजूला तडवी आणि पावरा बांधवांची शेते आहेत. जमीन उथळ, मुरमाड, जागोजागी दगड डोके वर काढून बसलेले. इथे बैल अजून टिकून आहे, कारण दगड चुकवत वळायचे कसब बैलाजवळ आहे.

या भागात लाकडी चाकाची गाडी अजून कुठे कुठे दिसते. बाभळीचे लाकूड, मध्ये तुंबा, त्यात बसवलेले आरे आणि वरून लोखंडी धाव. लोहार धाव तापवून लाल करतो, चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. लोखंड आकसते आणि चाक असे आवळले जाते की खिळ्याची गरज राहत नाही. दगडावर आपटून हे चाक फुटत नाही. मात्र कठीण वाटेवर त्याचे हादरे बैलाच्या मानेला बसतात.

ट्रॅक्टरच्या टायरला मात्र इथे दगडाचेच भय. इथे फार खोल दातांचे टायर घेऊन फायदा नाही. कठीण भुईत दात रुततच नाहीत. ते दगडावर घासून लवकर झिजतात, तुकडे निघतात. इथे हवे मध्यम दातांचे, जाड थरांचे, बाजूची भिंत मजबूत असलेले टायर. हवा कमी ठेवण्याची चूक इथे करू नये. मऊ टायरची भिंत दगडाला चेपते आणि चिरते.

उताराची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. भरलेली ट्रॉली घेऊन घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी कोणी गाडी न्यूट्रल करू नये. ज्या गियरमध्ये चढ चढलो, त्याच गियरमध्ये उतरावे. टायर कितीही नवे असले तरी सुटलेल्या ट्रॉलीला ते आवरत नाहीत.

पायथ्याला : गोटे आणि वाळू

पालहून गारबर्डीकडे उतरले की सुकी नदीवरचे धरण लागते. त्याच्याखाली सातपुड्याचा पायथा सुरू होतो. डोंगरातून धावत आलेल्या नद्यांनी हजारो वर्षे गोटे, रेती, वाळू इथे आणून टाकली. याला भूगर्भाचे जाणकार बझाडा म्हणतात. पावसाचे पाणी इथे जमिनीत झपाट्याने मुरते आणि खालच्या पट्ट्यातल्या विहिरींना त्याचा आधार होतो.

इथल्या वाटा पुष्कळदा नाल्यातून, नदीच्या कोरड्या पात्रातून जातात. वाळूची तऱ्हा निराळी. चिखलात रुतलेले चाक खाली कठीण तळ शोधते. वाळूत असा तळ मिळेलच असे नाही. तिथे चाक जितके फिरवाल तितके ते स्वतःचा खड्डा खणते. खोल दातांचे टायर तर कुदळीसारखे वाळू उकरून मागे फेकते आणि ट्रॅक्टर पोटावर बसतो.

वाळूत चालायचे कसे, हे उंटाने आपल्याला दाखवले आहे. उन्हाळ्यात मेंढरे घेऊन येणाऱ्या काठेवाड्यांचे उंट आपण पाहतो. त्याचा पाय रुंद आणि मऊ. वजन पसरते, म्हणून तो रुतत नाही. तसेच टायर रुंद हवे, हवा थोडी कमी हवी आणि चाल एकसारखी हवी. मध्येच थांबायचे नाही, झटका द्यायचा नाही. पात्र ओलांडून दगडी वाटेला लागले की हवा पुन्हा पूर्ववत भरून घ्यायची. ट्रॅक्टरच्या पेटीत हवा मोजायचे घड्याळ आणि हातपंप असावा, तो यासाठी.

मधला पट्टा : काळी आणि वाफसा

चिनावल, सावदा, निंभोरा, विवरे या बाजूला आले की जमीन खोल होते. नदीने वाहून आणलेली ही माती पुष्कळ ठिकाणी विहीर खणली तरी खडक लागू देत नाही. केळीचे खरे घर हेच. मृग बाग असो की कांदेबाग, इथे पीक जोमाने उभे राहते. आणि चाकाने होणारे खरे नुकसानही इथेच होते, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

काळ्या मातीत चिकणमातीचा अंश मोठा. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की भेगाळते. ओली असताना तिच्यावर वजन पडले की मातीतल्या हवेच्या पोकळ्या मिटतात. केळीची बहुतेक मुळे वरच्या दीड फुटात पसरतात. तिथे माती दडपली गेली तर मूळ आडवे वळते, पाणी साचते, मुळाला हवा मिळत नाही. झाड पिवळे दिसू लागले की आपण खताचे पोते उघडतो. अशा वेळी खत टाकण्याआधी टिकाव घेऊन दोन झाडांच्या मध्ये फूटभर खणून पाहावे. ढेकूळ पानासारख्या आडव्या थरांत सुटत असेल, मुळे त्यावर आडवी पसरली असतील, तर दोष खताचा नाही, चाकाचा आहे.

याबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वरच्या थरावरचे दडपण मुख्यतः टायरमधल्या हवेवर अवलंबून असते. हवा जास्त, तर टायर कमी जागेवर टेकते आणि जास्त दाबते. खोलवरचे दडपण मात्र धुरीवरच्या एकूण वजनावर ठरते. रुंद टायर टाकले म्हणून फार अवजड यंत्र हलके होत नाही. तिसरी गोष्ट, सर्वांत जास्त दडपण पहिल्याच फेरीत होते. म्हणून ट्रॅक्टर दर वेळी नव्या वाटेने फिरवू नये. ठरलेल्या ओळींतूनच न्यावा, म्हणजे बाकीचे शेत मोकळे राहते.

पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या केळीत पाने एकमेकांना भिडेपर्यंत लहान ट्रॅक्टर चालतो. तो अरुंद आणि हलका असतो. त्याला दात बरे असलेले अरुंद टायर पुरे. ठिबकच्या नळ्या एका बाजूला सरकवून मगच तो आत घालावा. मोठा ट्रॅक्टर हवा तो बाग काढल्यावर, खोडे गाडायला आणि नांगरटीला. नांगरटीला मात्र दात चांगले उभे असलेलेच टायर हवे. झिजलेले टायर नांगर ओढताना जागच्या जागी फिरते, डिझेल जाते आणि तासाच्या तळाची माती चोपून घट्ट होते.

चाक किती घसरते, हे घरच्या घरी मोजता येते. मागच्या टायरवर खडूने खूण करा. ट्रॅक्टर रिकामा चालवून चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जाते ते मोजा. मग नांगर जमिनीत घालून तेच करा. समजा रिकाम्याने ४० मीटर अंतर गेले आणि नांगर लावल्यावर ३५ मीटर, तर ५ मीटर घसरण्यात गेले. म्हणजे साडेबारा टक्के. दहा ते पंधरा टक्के घसर ठीक आहे. त्याहून फार जास्त असेल तर टायर झिजले आहे, नांगर खोल लावला आहे किंवा मागे वजन कमी पडते आहे. उलट घसर अगदीच नसेल, तर ट्रॅक्टरवर विनाकारण वजन लादले आहे, असे समजावे. टायरमध्ये भरलेले पाणी नांगरटीला उपयोगी पडते. तेच पाणी बागेत फिरताना जमिनीला भार होते.

एका गावात ट्रॅक्टर घेतलेल्या घरी चहाला बसलो होतो. टायरची बोलणी चालली होती. घरच्या वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, टायर महागाचे घ्या की स्वस्ताचे, पण ओल्यात ट्रॅक्टर घालू नका एवढे यांना सांगा. ढेकळे फोडायला मग आम्हा बायांनाच जावे लागते." सगळे हसले, पण शंभर टक्के खरे तेच होते. वाफसा हा पहिला. मूठभर माती घ्या आणि दाबा. लाडू झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर वाफसा आहे. टोचल्यावर नुसताच खळगा पडला आणि माती बोटाला चिकटली, तर ट्रॅक्टर अंगणातच बरा. हा मुठीचा लाडू फूटभर खोलीवरच्या मातीचाही करून पाहावा. वरून सुकलेली काळी आत ओली असते.

नदीकाठी : गाळ आणि चिखल

निंभोऱ्याहून खाली ऐनपूरकडे गेले की तापी जवळ येते. हतनूर धरण झाल्यापासून इथे नदीचे पाणी पसरून उभे असते. काठावरची माती पिवळसर, गाळाची. पावसाळ्यात इथल्या शेतवाटा म्हणजे निव्वळ राबडा. केळी तर बाराही महिने कुठे ना कुठे कापणीला येते. मजूर डोक्याखांद्यावरून घड बांधापर्यंत आणतात, पण तिथवर ट्रक पोहोचला पाहिजे. ट्रक दोन दिवस उशिरा आला तर माल पिकू लागतो आणि भाव पडतो. वाट आणि चाक यांवर घरचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो, तो असा.

एका श्रावणात अशाच वाटेवर केळीने भरलेला ट्रक फसलेला पाहिला. त्याला काढायला आधी मोठा ट्रॅक्टर आला. टायर गुळगुळीत झालेले. त्याने जोर लावला आणि चिखलात जागच्या जागी फिरून तोही धुरीपर्यंत बसला. मग जुन्या पिढीतल्या एका आबांनी आपल्या मुलाला लहान ट्रॅक्टर आणायला लावला. तो त्यांनी चिखलात घातलाच नाही. पुढे पन्नास-साठ पावलांवर मुरूम टाकलेला तुकडा होता, तिथे उभा केला आणि लांब तारदोर जोडला. आधी मोठा ट्रॅक्टर निघाला. मग त्यालाही मुरमावर घेऊन दोघांनी मिळून ट्रक काढला. आबा म्हणाले, "बैल सशक्त असून काय? पाय ठेवायला जागा पाहिजे." इंजिनाची ताकद चाकाच्या पकडीएवढीच उपयोगी पडते, हा यंत्रशास्त्रातला धडा आबांनी एका वाक्यात सांगितला.

दोर बांधताना एक काळजी घ्यावी. तो नेहमी खालच्या ओढपट्टीलाच बांधावा. वरच्या जोडाला किंवा धुरीला बांधून ओढले तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि तो मागे उलटतो. यात माणसे दगावली आहेत. दोर ताणलेला असताना जवळ कोणी, विशेषतः मुलांनी, उभे राहू नये.

अशा चिखलाच्या जमिनीसाठी उसाच्या आणि भाताच्या शेताचे म्हणून खास टायर मिळते. त्याचे दात नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट उंच असतात आणि मधल्या खाचा रुंद असतात, म्हणजे चिखल अडकून न राहता बाहेर फेकला जातो. पण हे टायर डांबरी रस्त्यावर फार लवकर झिजते. ज्याचा ट्रॅक्टर महिन्यातले वीस दिवस ट्रॉली घेऊन रावेर-सावद्याच्या रस्त्यावर असतो, त्याने ते घेऊ नये. चिखलणीपुरती लोखंडी पिंजऱ्याची चाके जोडता येतात. ती रस्त्यावर आणू नयेत, रस्ता खराब होतो. ठिबकच्या शेतात तर ती मुळीच घालू नयेत.

बर्फावरची गाडी आणि शेतातली साखळी

हा प्रश्न आपल्याच तालुक्याचा आहे असे नाही. काश्मिरात गुलमर्गला गेलेल्यांनी बर्फावर पळणारी स्कूटर पाहिली असेल. तिला पुढे दोन पट्ट्या असतात आणि मागे चाकाऐवजी दातांचा रबरी पट्टा. तिथेही हाच प्रश्न. दबलेल्या, कठीण बर्फासाठी इंच-सव्वा इंचाचे दात पुरतात. ताज्या, कापसासारख्या खोल बर्फासाठी दोन ते तीन इंचांचे लागतात. निसरड्या बर्फावर धातूचे खिळे बसवतात. खोल बर्फाचा पट्टा कठीण वाटेवर चालवला तर ताकद वाया जाते आणि दात लवकर झिजतात, तुटतात. आपल्या मुरमावर उसाचे टायर चालवण्यासारखेच ते आहे.

या गाडीमागे एक दुःखाची कथा आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए नावाचे एक कारागीर होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते, दवाखान्यात नेता आले नाही आणि मूल गेले. पुढे १९३७ साली त्यांनी बर्फावर चालणाऱ्या आपल्या वाहनाच्या पट्ट्याचे पेटंट घेतले आणि १९५९ साली त्यांची लहान गाडी बाजारात आली. पावसाळ्यात चिखलवाटेने खाटेवरून आजाऱ्याला आणणाऱ्या माणसाला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

साखळीपट्ट्याचा जन्म तर शेतातच झाला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात नदीमुखाची जमीन इतकी मऊ होती की अवजड ट्रॅक्टर रुतत. चाके रुंद करकरून लोक थकले. शेवटी १९०४ साली बेंजामिन होल्ट यांनी चाके काढून साखळीचा पट्टा बसवला. १९३२ साली अॅलिस-चामर्स कंपनीने ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर दिले, तोवर लोखंडी चाकांचेच ट्रॅक्टर जास्त होते. आज आपल्याकडे भाताच्या पट्ट्यात रबरी साखळीचे कापणी यंत्र फिरते, ते याच वंशातले. थोडक्यात, चाक नेहमी जमिनीने घडवले आहे.

टायर घेण्यापूर्वी

आता दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून ठरवायच्या गोष्टी सांगतो.

१. वर्षभरात ट्रॅक्टर शेतात किती दिवस आणि रस्त्यावर किती दिवस असतो, ते वहीत लिहा. जिथे जास्त, तिथले टायर घ्या.

२. रस्ता आणि शेत सारखेच असेल तर नेहमीचे शेतीचे टायर उत्तम. दात फार खोल नकोत. रेडियल टायर महाग असते, पण कमी हवेत जास्त जागेवर टेकते. काळ्या जमिनीत नांगरटीचे काम मोठे असणाऱ्याने त्याचा विचार करावा.

३. हवा कामाप्रमाणे बदला. मागच्या टायरला शेतात साधारण १२ ते १४ पौंड आणि भरलेली ट्रॉली ओढताना रस्त्यावर त्याहून चार-सहा पौंड जास्त लागते. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा.

४. टायरच्या भिंतीवर बाण असतो, त्या दिशेनेच ते बसवा. दातांचे टोक आधी जमिनीला लागले पाहिजे, म्हणजे चिखल दोन्ही बाजूंना निघून जातो. उलटे बसवले तर चिखल मध्ये कोंडतो.

५. चारही चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरचे पुढचे आणि मागचे टायर मापाने जुळलेले असावे लागतात. एकाच जोडीचे माप बदलले तर गियरवर ताण येतो.

६. उन्हात उभ्या ट्रॅक्टरची टायरे तडकतात. आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको. सावली करा.

७. बांधावरच्या वाटेवर उन्हाळ्यातच मुरूम टाका. दोन शेजाऱ्यांनी मिळून टाकला तर निम्मा खर्च. महागाच्या टायरपेक्षा चार ट्रॉल्या मुरूम पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो.

या सातही गोष्टी कमी-अधिक खर्चाच्या आहेत. बिनखर्चाची गोष्ट वाफसा पाहण्याची. घरात जो कोणी सकाळी आधी शेतात जाईल, मग तो म्हातारा असो, सून असो की शाळेत जाणारा मुलगा, त्याने मूठभर माती दाबून पाहावी आणि घरी येऊन सांगावे. भाड्याचा ट्रॅक्टरवाला आज मोकळा आहे म्हणून ओल्या शेतात नांगर घालू नये. त्याची फेरी एका दिवसात संपते, पण दडपलेली काळी मोकळी व्हायला कित्येक हंगाम जातात. टायर फाटले तर दुसरे मिळते. सुकी आणि तापीने हजारो वर्षांत आणून टाकलेली ही माती मात्र दुकानात मिळत नाही.